आता तुम्ही बसा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आरोग्याविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नकारच दिला. मी डॉक्टर नव्हे. चौतीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले, एवढीच माझी शिदोरी. पण त्या म्हणाल्या, "अहो, गेल्या महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तुम्ही आम्हांला जे सांगितलेत, तेच इथे सांगा." आणि खरी गोष्ट अशी की, त्या दिवशी मी नेमके काय सांगितले होते तेच मला आठवेना! तेव्हा विषय शोधायला लांब जावे लागले नाही. विसरणे, हाच आजचा विषय.

तुम्ही हसलात, बरे वाटले. पण या हसण्याच्या तळाशी थोडी भीतीही आहे, आणि ती माझ्याही मनात आहे. चष्मा कपाळावर असताना आपण तो घरभर शोधतो. शेजारणीच्या सुनेचे नाव ओठांवर येऊन अडते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण दुसऱ्याला लावताना गंमत वाटते. ती आपल्याला लागू होते की काय अशी शंका आली की पोटात गोळा उठतो.

म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकते. सगळे विसरणे सारखे नसते. नाव आत्ता आठवले नाही आणि रात्री ओटा आवरताना आपसूक आठवले, तर ते वयाचे विसरणे. केस पांढरे होतात तसेच ते. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, एकच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणे, चाळीस वर्षे केलेल्या पुरणपोळीत आधी काय आणि मग काय याचा उलगडा न होणे, हे निराळे. तिथे 'वय झाले' म्हणून गप्प राहू नये, डॉक्टरांना दाखवावे. कधी कधी कारण साधे निघते. थायरॉईडचे काम मंदावलेले असते, शाकाहारी घरांत पुष्कळदा आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते, मन उदास असते, एखादे औषध मानवत नसते. या सर्वांवर उपाय आहेत.

आणि खरोखरच स्मृतिभ्रंशाचा आजार असला, तर तोही काही दुर्मिळ राहिलेला नाही. आपल्या देशातील ज्येष्ठ नागरिकांची पाहणी करून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढच्या दर शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार आहे. देशभरात मिळून ही संख्या सुमारे ८८ लाख होते. त्यातही पुरुषांमध्ये हे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास, तर स्त्रियांमध्ये शेकडा नऊ. तेव्हा हा विषय परका नाही. आपल्या मंडळाच्या घरचाच आहे.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. पण ती वगळली तर पुढच्या सगळ्या बोलण्याला अर्थ राहणार नाही.

माझ्या सासूबाई आमच्या दादरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत. दिवसातून तीन वेळा जिना चढउतार. सकाळी देवाला फुले आणायला खाली, दहा वाजता भाजीला, संध्याकाळी देवळात. कुणाची मुलगी कधी माहेरी येणार, कुठल्या वाराला कुठली तिथी, वाण्याचे किती द्यायचे राहिले, सारे तोंडपाठ. वही म्हणून त्यांनी कधी ठेवली नाही.

१९९९ साली त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. एके दिवशी त्यांनी दूध गॅसवर ठेवले आणि त्या विसरल्या. पातेले जळले, घरभर धूर झाला. त्यानंतर महिन्याभरात भाजी घेऊन येताना घराकडे वळायच्याऐवजी त्या सरळ चालत राहिल्या आणि पोर्तुगीज चर्चपाशी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. चाळीतल्या एका मुलाने ओळखले म्हणून घरी आल्या. आम्ही सगळे घाबरलो. हे म्हणाले, "आई, आता तू काही करायचे नाहीस." मीही म्हटले, "आई, पुष्कळ केलेत. आता तुम्ही बसा."

भगिनींनो, ते शब्द प्रेमाचे होते. आम्ही खिडकीजवळ त्यांच्यासाठी नवी आरामखुर्ची आणली. टीव्ही खुर्चीसमोर आणून ठेवला. चहा हातात, जेवण हातात, औषध हातात. येणारे-जाणारे म्हणत, सून असावी तर अशी. फुले मी आणू लागले, भाजी हे आणू लागले, देवळात घेऊन जायला कुणाला सवड होईना. २००१ साली चाळ पाडायला काढली आणि आम्ही भाड्याच्या घरात गेलो. तिथे लिफ्ट होती, त्यामुळे उरलासुरला जिनाही सुटला.

पहिल्या वर्षी पायांतले बळ गेले. खुर्चीतून उठताना हात धरावा लागे. दुसऱ्या वर्षी आज वार कोणता, हे त्या विचारू लागल्या. मग विचारणेही थांबले. २००४ साली त्या गेल्या.

त्या खुर्चीमुळे आजार झाला असे मी म्हणणार नाही. पातेले जळाले त्याच्या कितीतरी आधी आजार आत शिरलेला असेल. पण एक गोष्ट मला आजही टोचते. आजाराने त्यांच्या हातून जे काढून घेतले, त्याच्या आधी आम्हीच पुष्कळ काढून घेतले होते.

पुढे निवृत्त झाल्यावर मी या विषयावर वाचू लागले. थोड्या अपराधी मनाने वाचू लागले म्हणा. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते.

मेंदूचे वजन आपल्या शरीराच्या अवघे शेकडा दोन. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी शेकडा वीसच्या आसपास तो एकटा घेतो. घरात खोली सर्वांत लहान आणि विजेचे बिल सर्वांत मोठे, असा हा भाडेकरू! हा पुरवठा होतो रक्तातून, आणि रक्त येते बारीक बारीक नळ्यांतून. रक्तदाब वाढला, साखर वाढली, की या नळ्या खराब होतात. म्हणून जे हृदयाला चांगले ते मेंदूलाही चांगले, असे डॉक्टर सांगतात.

हालचालीचा आणि हृदयाचा संबंध कसा कळला, त्याची हकीकत आपल्यासारख्या बसने फिरलेल्या बायकांना आवडेल. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी केली. चालक दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर वर-खाली, रोज पाचशे-सहाशे पायऱ्या. कंपनी तीच, गाडी तीच. पण चालकांमध्ये हृदयविकार अधिक, कंडक्टरांमध्ये कमी. हे १९५३ साली प्रसिद्ध झाले. आमच्या सासूबाईंचा तीन मजल्यांचा जिना मला तेव्हापासून फार आठवतो. आम्ही तो त्यांचा त्रास समजत होतो.

ही झाली नळ्यांची गोष्ट. आता खुद्द स्मरणशक्तीची. मेंदूच्या आत, दोन्ही कानांच्या बाजूंना, एकेक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला ग्रीक भाषेतून हिप्पोकॅम्पस असे नाव पडले. सकाळी काय घडले, किल्ली कुठे ठेवली, या गल्लीतून बाहेर पडायचे ते कुठल्या बाजूने, अशा नव्या गोष्टींची नोंद करण्याचे काम याचे. उतारवयात हा भाग दर वर्षी शेकडा एक-दोन असा झिजत जातो.

अमेरिकेत कर्क एरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८० वयाच्या १२० माणसांवर एक प्रयोग केला. ही सारी बैठी माणसे. आजार कुणालाच नाही. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चालायला लावले. आरंभी दहा मिनिटे, मग वाढवीत चाळीस मिनिटे. उरलेल्यांना हात-पाय ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षानंतर पुन्हा मेंदूची चित्रे काढली. ताणाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो समुद्रघोडा शेकडा १.४ इतका झिजला होता. चालणाऱ्यांमध्ये तो झिजला तर नव्हताच, उलट शेकडा दोन इतका वाढला होता. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. स्मरणाच्या परीक्षेत दोन्ही गट थोडे सुधारले, हेही सांगायला हवे. पण चालणाऱ्यांमध्ये ज्यांचा तो भाग अधिक वाढला, त्यांची स्मृतीही अधिक सुधारलेली दिसली.

चालल्याने हे कसे होते? शरीर हलते तेव्हा मेंदूत पेशींना पोसणारे एक द्रव्य अधिक तयार होते, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याचे नाव बी.डी.एन.एफ. कुंडीतल्या तुळशीला आपण खत घालतो, तसे ते समजा. या जातीचे पहिले द्रव्य शोधले एका बाईने. इटलीच्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी. त्या ज्यू घराण्यातल्या. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले, तेव्हा त्यांनी घरी निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारे करून कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर अभ्यास चालू ठेवला. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि २०१२ साली त्या वारल्या त्या १०३ वर्षांच्या होऊन. त्यांनाही कुणी "आता तुम्ही बसा" म्हटले असेलच. त्यांनी ऐकले नाही एवढेच.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण शाळेत मी मुलांना नेहमी म्हणे, बेरीज दाखवायची तर वजाबाकीही दाखवा. अमेरिकेतच ७० ते ८९ वयाच्या १६३५ बैठ्या माणसांवर दोन वर्षांची मोठी चाचणी झाली. २०१५ साली तिचा निष्कर्ष आला की, व्यायाम करणाऱ्या गटाची बुद्धी आणि स्मृती दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली नाही. आणि ज्यांना आजार आधीच जडला आहे अशांना जोरकस व्यायाम देऊन इंग्लंडमध्ये पाहिले. २०१८ सालच्या त्या अहवालाप्रमाणे त्यांचा आजार मंदावला नाही. म्हणजे चालणे ही जादूची मुळी नाही. आजार झाल्यावर पायी फिरवून माणूस बरा करता येत नाही, आणि रोज चालणाऱ्याला तो होणारच नाही असेही कुणी लिहून देऊ शकत नाही.

मग चालायचे कशाला? एक तर त्या अमेरिकन चाचणीतच असे दिसले की, व्यायाम करणाऱ्यांचे पाय अधिक काळ टिकले. चारशे मीटर चालण्याची ताकद त्यांच्यात अधिक जणांना राहिली. चारशे मीटर म्हणजे काय? भाजीवाली, देऊळ, मैत्रिणीचे घर आणि आपले हे मंडळ. पाय गेले की ही सारी माणसे गेली. मग बोलायला भिंत उरते.

आणि दुसरे कारण असे की, या आजाराला वाट करून देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यांतली बैठी राहणी ही एक. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली अशा चौदा गोष्टींची यादी दिली. त्यांत कमी शिक्षण आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, तंबाखू आहे, अधू ऐकणे आणि अधू दिसणे आहे, उदासी आहे आणि एकटेपणही आहे. या सगळ्या सांभाळल्या तर जगातील निम्म्याहून थोडे कमी, शेकडा ४५ पर्यंत, स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा हिशेब आहे. आता पाहा, रोज चालायला जाणारी बाई यांतल्या किती गोष्टींना एकदम हात घालते! रक्तदाब, साखर, वजन, मन आणि एकटेपण. एका फेरीत पाच कामे. यापेक्षा काटकसर ती कोणती?

फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो या विदुषींनी हेच करून पाहिले. ६० ते ७७ वयाची १२६० माणसे घेतली आणि त्यांतल्या निम्म्यांना दोन वर्षे चौरस आहार, व्यायाम, मेंदूला चालना देणारे खेळ आणि रक्तदाबादिकांची देखरेख, असे सारे एकत्र दिले. २०१५ सालच्या निष्कर्षात त्यांची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा अधिक चांगली राहिलेली दिसली. एकटी मोहरी म्हणजे फोडणी नव्हे. जिरे, हिंग, हळद सारे लागते. तसेच हे आहे.

यावरून मला आपली मंगळागौर आठवते. न्यूयॉर्कमध्ये जो व्हर्गीस या डॉक्टरांनी पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांची काही वर्षे पाहणी केली. फावल्या वेळात कोण काय करते आणि पुढे कुणाची स्मृती टिकते, हे त्यांनी पाहिले. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणे यांचा संबंध चांगल्या स्मृतीशी दिसला. शारीरिक हालचालींमध्ये मात्र एकच गोष्ट पुढे आली, आणि ती म्हणजे नृत्य. हे २००३ सालचे. नाचताना पाय हलतात, ताल धरावा लागतो, पुढचे पाऊल लक्षात ठेवावे लागते आणि समोरच्या माणसाचा अंदाज घ्यावा लागतो. आता सांगा, झिम्म्यात दुसरे काय असते? पिंगा घालताना गाणे आठवायचे, ठेका चुकवायचा नाही, सखीचा धक्का लागू द्यायचा नाही आणि धापही लागू द्यायची नाही! आपल्या आज्यांनी हे मेंदूसाठी केले नव्हते, मौजेसाठी केले. पण मौज होती म्हणून तर ते रात्र रात्र चालले.

जात्याचेही तसेच. माझ्या आजीला "ओवी सांग" म्हटले की तिला एकही आठवत नसे. हात जात्याच्या खुंट्यावर गेला की मात्र एकामागून एक निघत. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या तोंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्या गाणाऱ्या बायकांतल्या किती जणींना अक्षरओळख नव्हती! शरीर आणि स्मरण यांची गाठ किती घट्ट असते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही. जाते परत आणा असे मात्र मी म्हणणार नाही. त्या दळण्यात बायकांचे कष्ट होते, अपुरी झोप होती, पाठीचे दुखणे होते. विजेच्या गिरणीला माझा नमस्कार. पण जाते गेले, जिना गेला, पाणी भरणे गेले, आणि त्यांच्या जागी आपण काही आणले नाही, ही आपली चूक.

काही जणी म्हणतील, "आम्ही दिवसभर घरात उभ्याच असतो, आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?" मीही म्हणत असे. घरची हालचाल मोलाची आहे, ती मुळीच सोडू नये. पण ओट्याशी उभे राहून कांदा चिरण्याने श्वास वाढत नाही. थोडा तरी श्वास वाढला पाहिजे. त्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. अशा चालीने आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. एकदम जमत नसेल तर दहा दहा मिनिटे तीनदा. तेही जमत नसेल तर पाच मिनिटांपासून आरंभ करा. ब्रिटनमधील ७८,४३० माणसांच्या मनगटावर मोजणी-यंत्र बांधून केलेल्या २०२२ सालच्या पाहणीत, रोज ३८०० च्या आसपास पावले टाकणाऱ्यांतसुद्धा स्मृतिभ्रंशाचा धोका शेकडा २५ ने कमी दिसला. निरोगी माणसे मुळात जास्त चालतात, हाही त्यातला एक भाग असेल. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दहा हजार पावले होत नाहीत म्हणून एकही टाकायचे नाही, हा हट्ट सोडायला एवढे कारण पुरे.

चालण्याच्या जोडीला बळ आणि तोल हवा. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचे, पुन्हा बसायचे; असे आठ-दहा वेळा. ओट्याला हात धरून एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहायचे, मग दुसऱ्या पायावर. कुकरची शिट्टी होईपर्यंत हे सहज होते. पायांत सपाता नकोत, पट्ट्याची चप्पल किंवा बूट असावेत. ज्यांना छातीचे दुखणे आहे, चक्कर येते, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि बस-फुगडीची हौस कितीही आली तरी साठीनंतर ती नातींना घालू द्यावी. आपण टाळ्या वाजवाव्यात, मात्र उभ्याने.

आता शेवटचे, आणि माझ्या मनातले. इथे सासवा बसल्या आहेत तशा सुनाही बसल्या आहेत. मुलींनो, घरातले म्हातारे माणूस एकदा चुकले, एकदा धडपडले, की काळजाचा ठोका चुकतो, हे मी सोसले आहे. तेव्हा गॅस बंद ठेवा, फरशीवर पाणी राहू देऊ नका, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा. पण काम काढून घेऊ नका. कामाला सोबत द्या. गॅसकडे तुम्ही बघा, पोळी त्यांना लाटू द्या. पैसे तुम्ही मोजा, भाव त्यांना करू द्या. देवळाची वाट चुकत असतील तर देऊळ बंद करू नका, बरोबर चाला आणि वळण आले की "आता कुठे?" म्हणून त्यांनाच विचारा. वेळ लागेल. मेथी निवडायला तासभर लागेल, अर्धी मेथी देठांत जाईल. जाऊ द्या. आजार असला तर तो या मेथीने बरा होणार नाही, हे मी आत्ताच सांगितले. पण 'या घरात माझे काही काम आहे' ही आठवण तरी त्यांच्यापाशी शेवटपर्यंत राहील. माझ्या सासूबाईंपाशी मी ती राहू दिली नाही.

गेल्या श्रावणात माझ्या हातून गॅसवर आमटी राहिली. पातेले काळे झाले. सूनबाई धावत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला खुर्चीवर बसवून म्हणाली, "आई, आता तुम्ही बसा. मी बघते."

तिच्या आवाजात प्रेमच होते. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या आवाजात होते तेवढेच. मला मात्र खिडकीजवळची ती आरामखुर्ची डोळ्यांपुढे दिसली. मी तिचा हात धरला आणि सासूबाईंची सगळी हकीकत तिला प्रथमच सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वाजणारे एक घड्याळ आणून ओट्यावर ठेवले. गॅस पेटवला की ते लावायचे, असा नियम झाला. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. बी-१२ कमी निघाले, त्याच्या गोळ्या चालू आहेत. आणि आठवड्यातून तीन सकाळी ती कामावर जाण्याआधी माझ्याबरोबर पार्काला फेरी मारते. ती झरझर चालते, मी मागे राहते, ती वळून थांबते. एवढीच आमची फेरी. मला पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण मी बसलेली नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या सोमवारपासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहाला मंडळाच्या दाराशी जमावे. जी एकटीने घराबाहेर पडायला धजत नाही, तिला आणायला शेजारच्या सभासदाने तिच्या दाराशी जावे. आपल्यातल्या चार-पाच जणी अशा आहेत; नावे घेत नाही, तुम्हांला ठाऊक आहेत. गेली वर्ष-दोन वर्षे त्या मंडळात आलेल्या नाहीत. घरचे सांगतात, "त्या हल्ली बसूनच असतात." त्यांच्या दारावर आधी टकटक करू या.

चिटणीसबाईंना मी आणखी एक विनंती केली होती, ती त्यांनी मानली आहे. आज चहा आणि बटाटेवडे कुणालाही जागेवर आणून मिळणार नाहीत. ते सभागृहाच्या त्या पलीकडच्या टोकाला मांडले आहेत. तेव्हा भगिनींनो, माझे भाषण संपले. आता तुम्ही उठा.